दुधाऐवजी बिटाचं पाणी

११ जानेवारी १९७६, रविवार

देशाच्या स्वातंत्र्याला यंदा दोनशे वर्षं होणार म्हणून एलवूडने मला ही वही आणून दिली. पुठ्ठ्यावर गरुड आहे. "दिवसभर मला जे ऐकवतेस ते यात लिहीत जा, माझ्या कानांना जरा सुट्टी," म्हणाला. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने आणलेली ही दुसरी भेट. पहिली इस्त्री होती.

आज चर्चच्या तळघरात बायकांची बैठक झाली. दोनशे वर्षांच्या निमित्ताने चर्चचं पाककृतींचं पुस्तक काढायचं ठरलं. प्रमुख नायोमी होक, हे वेगळं सांगायला नको. नायोमी म्हणाली, "नुसती कृती नको. ती तुमच्या घराण्यात कुठून आली, तेही लिहा." मग काय, एकेकीच्या पणज्या बाहेर पडायला लागल्या. कुणाची जर्मनीहून जहाजातून लाटणं घेऊन आलेली, कुणाची अकरा पोरं सांभाळून अख्ख्या गावाला कोबी घालणारी.

माझी आई मोज्यांच्या गिरणीत कामाला होती. घरी आली की सूपचा डबा उघडायची. आजी मला माहीत नाही, आणि माझ्या जन्माच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी आहे. हे एलवूडला माहीत आहे, आणि शेजारच्या एल्डा राइनर्टला. बाकी गावासाठी मी नुसती रेडिंग शहरातून इथे नांदायला आलेली.

नायोमीने सगळ्यांसमोर विचारलं, "अर्लीन, तुझ्याकडे काय?"

मी म्हटलं, "माझ्या आजीचा मीटलोफ."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. घरी येईपर्यंत आजीचं नावसुद्धा ठरलं होतं. कॅथरिना.

१५ जानेवारी, गुरुवार

खरं काय ते निदान इथे लिहून ठेवते.

तो मीटलोफ एल्डाचा आहे. १९५३ साली मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला अंडं उकडायचं माहीत होतं, तेही फुटायचं. तिसऱ्या दिवशी मी खिमा असा जाळला की धूर कुंपणापलीकडे गेला. एल्डा ॲप्रन पुसत मागच्या दाराने आत आली. मी रडत होते. ती म्हणाली, "रडू नकोस पोरी. खिमा मेलाय, तू नाहीस." मग मला हाताला धरून तिच्या स्वयंपाकघरात नेलं आणि मीटलोफ शिकवला. एकदा नाही, पाच गुरुवार. गुरुवारी त्यांच्याकडे तोच असायचा.

दोन वाटे गाईचा खिमा, एक वाटा डुकराचा. बारीक कांदा लोण्यावर परतून. आल्याच्या कडक बिस्किटांचा चुरा. शिळा पाव, पण दुधात भिजवलेला नाही. इथे प्रत्येक घरात बीट मुरवलेलं असतं, सिरका, साखर, लवंग, दालचिनी घालून. पाव त्या बिटाच्या पाण्यात भिजवायचा. त्याच पाण्यात मुरलेली दोन लाल अंडी मधोमध पुरायची. लांबट पावासारखा थापून, वर डुकराच्या चरबीच्या पट्ट्या आणि तीन तमालपत्रं ठेवून ओव्हनमध्ये भाजायचा. पूर्ण भाजला तरी आतून गुलाबी राहतो, आणि आंबटगोड असा काही लागतो की जीभ दोनदा विचार करते.

एल्डा चर्चला नेहमी गोड सारण भरून भाजलेला 'पाय' न्यायची. मीटलोफ घरचा, तो तिने कधी बाहेर नेला नाही. म्हणून तो कुणाला ठाऊक नाही.

नोव्हेंबरात एल्डाला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. टेकडीवरच्या रुग्णालयात पडून आहे. कळतं सगळं, बोलता येत नाही. बैठकीत आजीचं नाव घेताना हे माझ्या मनात होतं का? होतं. लिहिताना हात जड झालाय, पण होतं.

२४ जानेवारी, शनिवार

वाचनालयातून तीन पुस्तकं आणली. कॅथरिनाला गावठिकाण तर हवं.

आणि बघा, सापडलंसुद्धा. आमच्या लोकांच्या जुन्या देशात, जर्मनीत, याच पदार्थाला 'खोटा ससा' म्हणायचे. सशाचं मांस जहागीरदारांच्या ताटात. गरिबाने उरलंसुरलं मांस कुटायचं, त्यात पाव मळायचा, आत उकडलेली अंडी लपवायची, सशाच्या पाठीसारखा आकार द्यायचा आणि रविवार साजरा करायचा. इथे आल्यावर हाताने फिरवायचं खिम्याचं यंत्र घरोघरी आलं तेव्हा तो सोपा झाला. मंदीत बायकांनी त्यात ओट घातले, खारी बिस्किटं घातली, कुणीकुणी तर भिजवलेला कोंडा; पावशेरात सहा तोंडं भागवायची म्हटल्यावर माणूस काय काय शिकतो. लढाईत मांसाची कुपनं आली तेव्हाही तोच धावून आला. टोमॅटोचा सॉस वर ओतणं ही पुढची फॅशन. म्हणजे मीटलोफ हा मुळात नसलेल्या मांसाचा पदार्थ. आहे त्यापेक्षा जास्त आहे असं दाखवायचं, हीच त्याची कला.

हे सगळं खरं आहे. त्यात कॅथरिना मी आपली मळून टाकली. दीड पान झालं. वाचताना माझेच डोळे भरून आले, इतकी ती गुणी म्हातारी.

२ फेब्रुवारी, सोमवार

थंडी कधी संपणार ते बघायला बिळातल्या घुशीसारख्या जनावराला बाहेर काढून सावली दाखवायची इथली रीत, आज तो दिवस. त्याला सावली दिसली म्हणे, म्हणजे अजून सहा आठवडे थंडी. मी मात्र कृती देऊन आले.

कृतीत मी दोन बदल केले. बिटाच्या पाण्याऐवजी दूध लिहिलं. लाल अंड्यांऐवजी साधी उकडलेली. कारण बीट वाचलं की क्लेटनला, एल्डाच्या नवऱ्याला, लगेच कळेल.

तसं पाहिलं तर इथली एकही बाई कृती पूर्ण देत नाही. देताना एक जिन्नस गिळायचा, ही रीतच आहे. नायोमीच्या काकवीच्या 'पाय'च्या कृतीवरून तीन सुना रडल्या आहेत. एल्डानेही मला शिकवताना काहीतरी ठेवलंच असेल. पण एखादी गोष्ट न सांगणं वेगळं आणि चुकीची सांगणं वेगळं, हे मलाही समजतं.

एलवूडने ते दीड पान वाचलं. म्हणाला, "तुझी आजी फार छान आहे. आपल्या लग्नाला का नाही आली?"

मी त्याला दोन दिवस डब्यातलं सूप दिलं.

१६ मे, रविवार

पुस्तक आलं. पहिल्याच पानावर कॅथरिना. वर जहाजाचं चित्र, खाली माझं नाव. नायोमी सगळ्यांना सांगत होती, "आमच्या पुस्तकाचा आत्मा आहे हे पान." आत्मा.

संध्याकाळी चर्चमध्ये जेवण होतं. त्या पानावरून समितीने बारा मीटलोफ केले. क्लेटन राइनर्ट आला होता. एल्डा आजारी पडल्यापासून तो पहिल्यांदाच आला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, सदऱ्याला बटण नाही. मी स्वतः त्याला वाढलं. पहिला घास घेतला आणि तो चावायचा थांबला. माझ्याकडे बघितलं. मग सगळं खाल्लं, हळूहळू, आणि एक तुकडा कागदी रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. "एल्डाला नेतो," म्हणाला.

सगळ्या बायका माझं कौतुक करत होत्या. मला वाटलं होतं तेवढं ते गोड लागलं नाही. सवय होईल.

३ जून, गुरुवार

क्लेटन मागच्या दाराने आला, हातात टोपी आणि चर्चचं पुस्तक. एल्डा काही खात नाही म्हणाला. रुग्णालयाचं जेवण तोंडाशी नेलं की ओठ मिटते. परिचारिका म्हणतात, घरचं आणा. त्याने पान पहिलं उघडून दोनदा मीटलोफ केला. तिने चाटला, मान फिरवली.

"माझंच काहीतरी चुकत असणार," तो म्हणाला. "मी आयुष्यात चुलीपाशी उभा राहिलो नाही. अर्लीन, तुझी आजी यात आणखी काही घालायची का? आठवून बघ."

मी आठवण्याचा आव आणला. खिडकीबाहेर बघितलं. म्हटलं, "नाही हो. लिहिलंय तेवढंच."

"बरं," म्हणाला. "तुझी आजी हुशार बाई असणार." टोपी घालून गेला. बिचाऱ्याला काही कळलेलं नाही, हे बरं झालं.

९ जून, बुधवार

मी स्वतःच करून दिला तर? दोन दिवस हाच विचार. पण बिटाचं पाणी घातलं तर क्लेटन ओळखेल, आणि दूध घातलं तर एल्डा खाणार नाही. काहीतरी तिसरं असायला हवं, पण काही सुचत नाही.

जिच्या घरी पाच गुरुवार जेवले त्या घराचे मी वासे मोजते आहे. हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

२७ जून, रविवार

चर्चनंतर क्लेटनने पायरीवर गाठलं. एल्डाचं वजन आणखी उतरलंय. "तुझ्या आजीने पाव दुसऱ्या कशात भिजवला असेल का?" त्याने विचारलं. अगदी पावावरच बोट. मी म्हटलं, "तेव्हा घरोघरी गाई होत्या, दुधाला काय तोटा?" शेजारी नायोमी उभी होती, तिने मान डोलावली. क्लेटन थोडा वेळ माझ्या बुटांकडे बघत राहिला.

मी एल्डाला भेटायला सहा आठवडे गेलेली नाही. पाठ दुखते.

५ जुलै, सोमवार

काल देशाचा वाढदिवस. मिरवणुकीत मला सजवलेल्या गाडीवर बसवलं, डोक्यावर झालर लावलेली टोपी, मांडीत परात. मी कॅथरिना झाले होते. लोक टाळ्या वाजवत होते. राइनर्टांच्या घरावरून गेलो तेव्हा क्लेटन ओसरीत बसला होता. त्याने टोपी काढली. मला वाटलं, झेंड्यासाठी काढली असेल.

२२ जुलै, गुरुवार

क्लेटन परत आला. या खेपेस बसलासुद्धा. म्हणाला, "एल्डा करायची तो आतून गुलाबी असायचा. लालसरच म्हण. माझा करडा होतो, ओल्या पुठ्ठ्यासारखा. अर्लीन, तुझ्या आजीचा कसा असायचा?"

आता सांगून टाकावं, असं माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं. पण डोळ्यांसमोर ती टोपी, ती गाडी, नायोमीचं तोंड. मी म्हटलं, "तुमचं ओव्हन जास्त तापत असेल. थोडा लवकर काढून बघा."

"किती लवकर?"

"वीस मिनिटं."

त्याने खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढून पुस्तकात लिहून घेतलं. माझ्या नावाखाली.

२५ जुलै, रविवार

चर्चमध्ये एल्डासाठी प्रार्थना झाली. शुक्रवारी संध्याकाळपासून उलट्या, ताप. सलाईन लावलंय. पाद्रीबाबा म्हणाले, बाहेरचं कच्चं मांस पोटात गेलं. डॉक्टर क्लेटनवर ओरडला म्हणे, सगळ्यांदेखत. "घरचं म्हणून विष आणता का?" असं म्हणाला.

वीस मिनिटं मी सांगितली होती.

नायोमी माझ्या कानाशी म्हणाली, "पुरुषाने कशाला हे उद्योग करावेत. पुस्तकात भाजायची वेळ स्पष्ट दिलीय." मी मान डोलावली. डोलावली मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय, पण मेलं कोण असतं, तर एल्डा.

२६ जुलै, सोमवार

कुंपणापर्यंत दोनदा गेले. दोन्हीदा परत आले. एकदा कारण म्हणून वाळत घातलेले कपडे काढले, ते ओले होते.

एलवूडला सगळं सांगितलं. मला वाटलं, टोमणा मारेल. नाही मारला. जेवण संपवून म्हणाला, "तू जाणार आहेस की मी जाऊ?" टोमणा परवडला असता.

२७ जुलै, मंगळवार

गेले.

क्लेटन स्वयंपाकघरात बसला होता. टेबलावर पुस्तक, पान पहिलं, त्यावर तेलाचे डाग. एल्डाचा ताप उतरलाय, असं त्याने आधीच सांगितलं, मी विचारण्याच्या आत. मी उभ्याउभ्याच बोलले. आजी नाही. कधीच नव्हती. मीटलोफ एल्डाचा. दूध नाही, बिटाचं पाणी, आणि लाल अंडी. वीस मिनिटं मी घाबरून सांगितली. एका दमात सांगितलं, कारण दम घेतला असता तर थांबले असते.

त्याने पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "बिटाचं पाणी." नुसतं तेवढंच, दोनदा. उठला, तळघराच्या दारापर्यंत गेला, परत आला. "खाली तिच्या बरण्या आहेत. रोज त्यांच्यावरून जातो मी."

मी म्हटलं, "तुम्हाला धक्का बसला असेल."

"कशाचा? एकेचाळीस वर्षं दर गुरुवारी खाल्लाय मी तो. चर्चमध्ये पहिल्याच घासाला कळलं, हा कुणाचा. आल्याची बिस्किटं या पंचक्रोशीत दुसरं कोण घालतं? काहीतरी कमी होतं, ते मात्र कळेना. करताना मी तिच्याकडे कधी बघितलंच नाही, ही माझी चूक."

मी खुर्ची ओढून बसले. "मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं की," तो म्हणाला. "तीनदा."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी रडले तरी असते.

"आजीचं नाव घेऊन विचारलं," तो म्हणाला, "म्हणजे तुला सांगायला सोपं जावं. म्हटलं, नाव घेतलंस तर घेतलंस, चव तरी देशील."

मी विचारलं, "एल्डाला माहीत आहे?"

"मे महिन्यातच वाचून दाखवलं. तिच्याशी मला खोटं बोलता येत नाही."

"मग?"

"तिने भिंतीकडे तोंड केलं."

घरी आल्यावर मी ही वही सुरुवातीपासून वाचली. 'बिचाऱ्याला काही कळलेलं नाही,' असं मी लिहिलंय. माझ्याच अक्षरात.

३ ऑगस्ट, मंगळवार

रुग्णालयाने बाहेरचं अन्न बंद केलंय. निदान महिनाभर, डॉक्टर परवानगी देईपर्यंत. म्हणजे आता खरी कृती मिळाली तर ती न्यायची सोय नाही. हेही माझंच देणं.

डॉक्टरला जाऊन सांगितलं की वीस मिनिटं माझी, क्लेटनची नाहीत. तो कागद चाळत म्हणाला, "कोणाची का असेनात." क्लेटनची माफी मागा म्हटलं, तर माझ्याकडे बघत राहिला. मागितली नाही.

१५ ऑगस्ट, रविवार

तळघरात कॉफीच्या वेळी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. आईचं, गिरणीचं, सूपच्या डब्यांचंही सांगितलं. अर्धवट सांगायची मला आता भीती वाटते.

चमचे वाजायचे थांबले तेवढं ऐकू आलं. मग नायोमी म्हणाली, "अर्लीन, हे आपल्यातच ठेवू. पुस्तकं बाहेरगावी गेलीत. आता कशाला उकरायचं? झाकली मूठ."

"उरलेल्या प्रतींमध्ये मी हाताने दुरुस्त करते," मी म्हटलं.

"पहिलं पान खराब होईल."

"झालंच आहे."

चौसष्ट प्रती उरल्या होत्या. दुपारभर एकटी बसून प्रत्येक प्रतीत माझं नाव खोडलं, एल्डा राइनर्ट लिहिलं, दुधाऐवजी बिटाचं पाणी लिहिलं. कॅथरिनावर आडवी रेघ मारली. जहाज राहिलं, त्याला काय करणार. निघताना बेसिनपाशी भांडी विसळणारी म्हातारी सेडी मोयर हळूच म्हणाली, "माझ्या नूडल्सच्या कृतीत अंड्यांचा आकडा कमी आहे. नायोमीला सांगू नकोस." मला हसू आलं नाही. सहा महिन्यांपूर्वी आलं असतं.

९ सप्टेंबर, गुरुवार

क्लेटनला शिकवते आहे. एल्डाच्याच स्वयंपाकघरात. मी करून देते म्हटलं तर म्हणाला, "नाही. मलाच आलं पाहिजे." मी सांगते, तो पेन्सिलीने लिहितो. पाव पिळताना त्याचे हात मनगटापर्यंत लाल झाले, तर मुलासारखा बघत बसला.

एल्डाचा कृतींचा डबा त्याने काढून दिला. त्यात तिचं मीटलोफचं कार्ड होतं. मी दिव्याखाली धरून ओळ न् ओळ ताडून बघितलं, माझ्यापासून काय ठेवलं होतं ते शोधायला. काही ठेवलं नव्हतं. चिमूटभर मीठसुद्धा नाही. सगळं तिने मला तेव्हाच दिलं होतं, आणि मी या वहीत तिच्यावर आळ घेऊन मोकळी झाले होते.

२८ सप्टेंबर, मंगळवार

परवानगी मिळाली. मऊ करून, थोडं थोडं. क्लेटनने मीटलोफ केला, पूर्ण वेळ भाजला, आतून गुलाबी. चमच्याने चुरून वर बिटाचं पाणी घातलं. "तूही चल," म्हणाला. मी गाडी चालवली.

एल्डा केवढीशी झालीय. एवढी अंगापिंडाने भरलेली बाई, पांघरुणाखाली आहे की नाही कळत नाही. डोळे मात्र तेच. मी तिच्या डाव्या हाताशी बसले आणि सगळं सांगितलं, तिला माहीत होतं तरी. चुकले म्हटलं. माझ्यामुळे तू चार महिने उपाशी राहिलीस म्हटलं. तिने माझ्याकडे पूर्ण वेळ बघितलं. डोळे हलवले नाहीत.

मग क्लेटनने चमचा धरला. वास आला तशी तिची नाकपुडी हलली. तोंड उघडलं. घास जिभेवर घोळवला आणि गिळला. परत तोंड उघडलं. क्लेटनने घाईघाईत अर्धं तिच्या गळपट्ट्यावर सांडलं. पाच चमचे. दारातली परिचारिका पुढे येऊन बघायला लागली.

क्लेटनने बाहीने डोळे पुसले आणि चमचा माझ्या हातात दिला. "दे. तूच दे आता."

मी भरला, फुंकर घातली, तिच्या तोंडाशी नेला. एल्डाने ओठ मिटले. घट्ट, एकच रेघ. मी तसाच धरून ठेवला. तिची नजर माझ्यावरून हलली नाही.

"पोट भरलं असेल," क्लेटन म्हणाला.

मी चमचा त्याला परत दिला. त्याच्या हातून तिने आणखी दोन घास घेतले.

५ ऑक्टोबर, मंगळवार

एलवूड म्हणाला, आजारी माणूस, कधी खातं कधी नाही, तू मनावर घेऊ नकोस. त्याला वाईट वाटू नये म्हणून हो म्हटलं. पण ते ओठ मी ओळखते. असे ओठ ती गावात फक्त दोघांसमोर मिटायची, आणि ती दोघं तिच्याशी खोटं वागली होती.

आज परत गेलो. मी खोलीच्या दारात थांबले, म्हटलं तिला दिसायला नको. तिने मला बघितलं. क्लेटनने चमचा पुढे केला, तिने घेतला नाही. मी बाजूला झाले, भिंतीच्या आड. तेव्हा घेतला.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

क्लेटनला आता माझी गरज पडत नाही. पाव पिळणं, लोफ थापणं, सगळं जमतं. गेल्या आठवड्यात त्याने बिस्किटांचा चुरा जरा जाड ठेवला आणि एल्डाला तो आवडला, म्हणाला. गाडी तरी मला चालवू द्या, असं मी मागून घेतलं आहे. त्याचे डोळे बरे नाहीत. माझं कारण वेगळं आहे, ते त्याला माहीत आहे.

मंगळवारी तो आत जातो, मी रुग्णालयाच्या आवारात गाडीत बसते. खिडकीची काच खाली केलेली. विणकाम आणते, पण करत नाही. पाऊण तासाने तो येतो, रिकामं भांडं मांडीवर घेऊन बसतो आणि चमच्यांचा आकडा सांगतो. पहिल्यांदा सात होते, मग आठ.

आज अकरा. वजनही वाढलंय म्हणाला. त्याच्या दारात उतरताना तो म्हणाला, "पुढच्या मंगळवारी दहाला निघू." मी म्हटलं, "हो." एल्डाने खुणेने मला आत बोलावलं होतं का, हे मी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.